गाडी ऑइल खाते

डिपस्टिक, म्हणजे इंजिनातल्या तेलाची पातळी मोजायची पट्टी, काढायची, पुसायची, पुन्हा आत सारायची, पुन्हा काढायची आणि उजेडाकडे तिरकी धरून बघायची. गाडी घेतल्यापासून दर रविवारी सकाळी माझा हा नेम. गाडी म्हणजे दोन दरवाजांची, दोन लिटर टर्बो इंजिनाची (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा), माझ्याआधी दोन मालक पाहिलेली स्पोर्ट्स कार. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की तेलाची रेघ वरच्या खुणेपासून खाली सरकते आहे. पाच हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर. जमिनीवर थेंब नाही, मागून निळा धूर नाही, कूलंटच्या टाकीत तवंग नाही. मेस्त्रींनी चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन तपासलं. चारही आकडे एकमेकांना धरून. हात पुसत ते म्हणाले, "ताई, टर्बोची गाडी आहे. थोडं ऑइल खाणारच."

खाणार, हे मान्य. पण कुठल्या तोंडाने? माझं उभं आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेलं. ज्याचा पत्ता लागत नाही ते सगळं 'किरकोळ' नावाच्या खात्यात ढकलता येतं, हे मला कुणी शिकवायला नको. मेस्त्रींचं 'खाणारच' हे तसलं किरकोळ खातं होतं. ते चुकीचं बोलत होते असं नाही. काही उत्पादक तर हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल संपणंही चालण्यासारखं मानतात. त्या मानाने माझी गाडी अगदीच मिताहारी. तरी अर्धा लिटर तेल म्हणजे काही हवेत विरणारी गोष्ट नव्हे, असं मला तेव्हा वाटत होतं. (ते हवेतच विरत होतं, हे नंतर कळलं.)

पहिला पुरावा हाती लागला तो दुसऱ्याच कामात. एक क्लॅम्प बदलायचा होता म्हणून टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोने तापवलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणारा पाइप सोडवला आणि सहज आतून बोट फिरवलं. बोट काळपट तेलाने माखून बाहेर आलं. ज्या पाइपातून फक्त हवा जायला हवी, तो आतून ओला होता.

पिस्टन आणि सिलेंडरची भिंत यांच्यामध्ये रिंगा असतात. पण रिंग हे नाव फसवं आहे, ती पूर्ण वर्तुळ नसते. एका जागी ती कापलेली असते, कारण तापल्यावर धातू फुगतो आणि दोन टोकं एकमेकांना भिडली तर रिंग सिलेंडरला कचकचून घासते, मोडतेसुद्धा. म्हणून काही दशांश मिलिमीटरची फट मुद्दामच ठेवलेली असते. आता चार सिलेंडरचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर आत सेकंदाला दोनशे वेळा मिश्रण पेटतं. दर वेळी पिस्टनच्या डोक्यावर वातावरणाच्या कित्येक दहापट दाब येतो आणि दर वेळी त्यातला चिमूटभर वायू फटीतून, कडेकडेने, खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळीत, निसटतो. याला ब्लो-बाय म्हणतात. झिजलेल्या इंजिनात तो जास्त असतो, पण नव्याकोऱ्या इंजिनातही असतोच.

या निसटलेल्या वायूत जळून उरलेलं, न जळलेलं, सगळंच असतं. शिवाय पाण्याची वाफ. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. पेन्सिल घेऊन समीकरण मांडलं, तर खरंच निघालं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जातं, थोडं खाली उतरतं. खाली क्रँकशाफ्ट गरगरत असतो, बेअरिंगांतून तेल उडत असतं, सगळीकडे तेलाचं धुकं. वायू, वाफ आणि धुकं एकत्र झालं की त्याला बाहेर वाट द्यावीच लागते, नाहीतर आतला दाब वाढून ऑइल सील आपली जागा सोडतात आणि प्रसंगी डिपस्टिकसुद्धा भोकातून वर उचलली जाते.

पूर्वी ही वाट सरळ रस्त्यावर जायची. इंजिनातून एक नळी खाली सोडलेली असे, गाडी धावली की वाऱ्याच्या ओढीने वाफ बाहेर. जुन्या रस्त्यांच्या मधोमध जो काळा पट्टा दिसायचा, त्यात या नळीचा वाटा मोठा. मग लॉस एंजेलिसच्या हवेने डोळे चुरचुरू लागले आणि हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्या हवेचं कोडं हाती घेतलं. हा माणूस तेव्हा अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. वास पकडण्याचं तेच उपकरण त्याने बाहेरच्या हवेला लावलं, हवा गार करून तिच्यातून काय ठिबकतं ते पाहिलं, आणि हाती आले तपकिरी, घाणेरड्या वासाचे थोडे थेंब. पुढे त्याने दाखवून दिलं की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरणातून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की हा धुरकट प्रकार तयार होतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, आधी कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांपासून, ती रस्त्यावर सुटणारी नळी बंद झाली आणि तिची जागा पीसीव्हीने घेतली. पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन. म्हणजे इंजिनाने आपला उच्छ्वास आपणच पुन्हा आत घ्यायचा आणि जाळून टाकायचा.

या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे. एक स्प्रिंगचा छोटासा व्हॉल्व्ह, त्याला वीज लागत नाही, संगणक लागत नाही. इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधल्या, व्हॅक्यूमने वाफ ओढली जाते, इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) असताना कमी, भार पडला की जास्त. पण टर्बो आला की गोची होते. पाय दाबला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच्या जागी दाब येतो, पीसीव्ही मिटतो, आणि वाफेला दुसरी वाट धरावी लागते: टॅपेट कव्हरवरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरच्या) ब्रीदरमधून, म्हणजे श्वासाच्या नळीतून, टर्बोच्या तोंडाशी. टर्बो तिला हवेसकट इंटरकूलरमध्ये फेकतो, तिथे ती गार होते आणि तेल भिंतींवर बसतं. माझं बोट माखलं ते याच तेलाने.

इंटरकूलरच्या आत तेलाचा थर बसला की तो हवा थंड करण्यात कमी पडतो. तेलाचं धुकं पेट्रोलच्या मिश्रणात गेलं की त्याची ऑक्टेनची ताकद घटते, इंजिन नॉक करू लागतं (मिश्रण वेळेआधीच, धक्क्याने पेटतं) आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा पाडून ताकद कापतो. सगळ्यात चिवट दुखणं मात्र व्हॉल्व्हचं. पूर्वी पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जायचं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतला जायचा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये पडतं, व्हॉल्व्हच्या वाट्याला फक्त तेलकट वाफ येते, आणि ती तिथे भाजून भाजून कोळशाचा थर होतो. हा थर काढायला मग इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भरडा हवेच्या दाबाने मारतात. धातूला ओरखडा उठत नाही एवढा तो मऊ आणि कोळसा निघेल एवढा कडक. टोयोटाने याला वेगळंच उत्तर शोधलं: २०१२ साली आलेल्या जीटी८६ आणि तिच्या सुबारूच्या जुळ्या बहिणीत दोन्ही जागी इंजेक्टर आहेत, एक सिलेंडरमध्ये आणि एक बाहेर. माझ्या गाडीत फक्त सिलेंडरमध्ये.

तेव्हा ठरलं, कॅच कॅन बसवायचा. ब्रीदरच्या वाटेत एक डबा ठेवायचा, वाफ त्यातून जाईल, तेल त्यात राहील, उरलेली हवा पुढे. नवऱ्याला हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे इंजिनाचं तस्त!" उपमा घाणेरडी असली तरी अचूक होती.

पहिला डबा मी रंगाला भुलून घेतला. लाल, चकचकीत, ॲनोडाइज केलेला. बॉनेट उघडलं की डोळ्यांत भरेल असा. तो गाडीला लावायच्या आधी उघडला हे माझं नशीब. आत काहीच नव्हतं. एक पोकळ नळकांडं, वर शेजारी शेजारी दोन तोटया. एका तोटीतून आलेली वाफ वळसा घालून दुसरीतून सुखरूप बाहेर पडणार. डब्याने तेल पकडायचं तर त्याला आत काहीतरी करावं लागतं: येणारी वाफ आधी खाली वळवायची, रुंद जागेत तिचा वेग मारायचा, मग आडव्या पडद्यांतून किंवा जाळीतून तिला इतक्या वेळा वळायला लावायचं की जड थेंबांना वळता येऊ नये आणि ते कुठेतरी आपटून चिकटावेत. बारीक थेंब चिकटून मोठा होतो, मोठा झाला की ओघळतो. भांडी घासायच्या तारेचा चोथा आत कोंबून काम भागवणारेही आहेत. तसं करू नये. त्या तारेचा एखादा तुकडा सुटून टर्बोच्या पंख्यात गेला तर तेल वाचवण्याच्या नादात टर्बो जाईल. दुसरा डबा घेतला तो काळा, ठेंगणा, खाली ड्रेन कॉक असलेला आणि आत बारीक छिद्रांचा स्टीलचा गाळा घट्ट बसवलेला. दिसायला सामान्य.

बसवायचं काम दोन तासांचं आहे असं मी घरात जाहीर केलं होतं.

जागा शोधण्यातच एक सकाळ गेली. टर्बो आणि एक्झॉस्टच्या जवळ डबा ठेवून उपयोग नाही, कारण तिथे वाफ गारच होणार नाही. शिवाय तापलेल्या एक्झॉस्टवर तेल सांडलं तर भडका उडू शकतो. बॅटरीच्या पलीकडे फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, लागून हातभर मोकळी जागा होती, पण तिथे बॉनेट मिटलं की डब्याचं डोकं टेकेल का, हे डोळ्यांनी कळेना. शेवटी डब्यावर ओल्या मातीचा गोळा ठेवला, बॉनेट हळूच मिटलं, उघडलं. गोळा जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा चेपला होता. एवढी जागा पुरेशी होती. ब्रॅकेट मूळच्याच एका बोल्टवर घेतलं, बॉडीला नवं भोक पाडायचा धीर झाला नाही.

मग ब्रीदरची मूळची नळी काढायची. ती प्लॅस्टिकच्या चापाने बसवलेली असते आणि इतकी वर्षं उष्णतेत शेकल्यावर तो चाप काचेसारखा ठिसूळ झालेला असतो. मी पकडीने दाबला, तो 'टक्' करून तुटला. हे टक् ऐकलं की पोटात जो खड्डा पडतो तो गाडीशी झटापट करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हेअर ड्रायरने आधी थोडं गरम करायचं असतं, हे दुसऱ्या चापाच्या वेळी आठवलं.

होज हा माझ्या गर्वहरणाचा अध्याय. घरात हीटरच्या होजचा एक तुकडा पडून होता, आतला व्यास बरोबर एकोणीस मिलिमीटर, जाड आणि दणकट. लावून टाकला. पाण्यासाठी बनवलेलं रबर तेलाला टिकत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी ते सोयीस्कर विसरले. तीन आठवड्यांनी होज हाताला भिजलेल्या चामड्यासारखा लागला. फुगला होता, मऊ पडला होता, आणि आयडलवर व्हॅक्यूमने मधोमध चिंबायला लागला होता. तेलाला नायट्राइल रबर लागतं, किंवा आतून फ्लुओरोइलास्टोमरचा थर असलेला होज, आणि तोही व्हॅक्यूमने चपटा होणार नाही असा. नवा आणला. तो इतका ताठ की तोटीवर चढवताना नवऱ्याने टॉर्च तोंडात धरून दोन्ही हातांनी ढकलला.

होजच्या मापांवरून एक गंमत. या सामानावर 'एएन १०' असं लिहिलेलं असतं. एएन म्हणजे आर्मी-नेव्ही, अमेरिकन लष्करी विमानांच्या नळ्यांची जुनी मापपद्धती, आणि १० म्हणजे इंचाचे दहा सोळांश. पाऊण इंचाला १२. वर्षानुवर्षं लोक हे आकडे मिलिमीटर समजून विकत घेतात आणि परत करतात. मीही एकदा.

होजचा मार्ग आखताना दोन गोष्टी परस्परांच्या उलट ओढतात. इंजिन आपल्या माउंटिंगवर हलत असतं, पाय दाबला की चांगलं बोटभर कलतं, तेव्हा होज ताणून बसवला तर तोटीवरून निसटणार, सैल हवा. पण सैल सोडला की मधे झोळ येतो, झोळात पाणी आणि तेल साचतं, आणि कडाक्याच्या थंडीत ते पाणी गोठलं की वाट बंद. वाट बंद झाली की क्रँककेसमधला दाब सील फोडून बाहेर येणार. ज्या आजारासाठी औषध, तोच आजार. मी होज कमानीसारखा वरून घेतला, म्हणजे सैलही राहिला आणि झोळही नाही.

गाडी सुरू केली तर आयडल वरखाली होऊ लागला, हजार, सातशे, अकराशे. दुसऱ्या दिवशी इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत होती. साबणाचं पाणी लावून काही कळेना, कारण इथे हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती, मग बुडबुडे कुठून येणार! हे लक्षात यायला मला लाज वाटेल इतका वेळ लागला. शेवटी कान दिला. डब्याच्या झाकणाखालून बारीक शीळ येत होती. आतली रबरी रिंग खाचेतून सुटून दुमडली होती. नीट बसवली, तेल लावून झाकण आवळलं, शीळ थांबली.

याच काळात एका मित्राने सल्ला दिला: "एवढी खटपट कशाला? डब्याला वर फिल्टर लाव आणि वाफ हवेत सोडून दे, इंजिनात काहीच परत जायला नको." रेसच्या गाड्यांत उघडा ब्रीदर असतो हे खरं. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत अशा गाड्यांना डबा सक्तीचा आहे: २००० सीसीपर्यंत दोन लिटरचा, त्याहून मोठ्या इंजिनाला तीन लिटरचा, आणि आत किती साचलंय ते बाहेरून दिसलं पाहिजे. तो नियम इंजिनाच्या भल्यासाठी नाही, ट्रॅकवर तेल सांडून मागचा माणूस घसरू नये म्हणून आहे. पण रस्त्यावरच्या गाडीत वाफ सोडून देणं म्हणजे ती जुनी नळी पुन्हा खाली सोडणं. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे. शिवाय सिग्नलला उभं राहिलं की एसीच्या हवेतून ती वाफ केबिनमध्ये येते. मला डब्यातून निघणारी हवा परत इंजिनालाच द्यायची होती.

आठशे किलोमीटर झाल्यावर पहिल्यांदा ड्रेन कॉक उघडला. खाली काचेची बरणी. मी काळं, दाट तेल येईल म्हणून बघत होते. आलं ते ओल्या मातीच्या रंगाचं, फेसाळ, दुधाळ पाणी, आणि पेट्रोलचा असा भपका की नवरा मागे सरकला. मोजलं, चाळीस मिलिलिटर. बरणी दोन दिवस तशीच ठेवली तर थर वेगळे झाले. खाली गढूळ पाणी, वर तेल, मधे एक साय धरल्यासारखा तपकिरी पापुद्रा. तेल निम्म्याहूनही कमी.

मग मी वही काढली. आठशेला चाळीस, तर पाच हजारला अडीचशे मिलिलिटर. त्यातलं खरं तेल फार तर शंभर. आणि गाडी खाते पाचशे. चारशे मिलिलिटरचा पत्ता अजून लागलेला नाही! ते ऑइल रिंगांना चुकवून, व्हॉल्व्हच्या गाइडमधून, टर्बोच्या सीलमधून थेंबाथेंबाने आत जातं आणि जळतं; निळा धूर दिसावा इतकंही ते एका वेळी नसतं. डब्याने माझा ताळेबंद जुळवला नाही. त्याने फक्त किरकोळ खात्यातली एक नोंद बाहेर काढून माझ्यासमोर ठेवली.

हे लिहिण्याचं कारण असं की कॅच कॅनबद्दल बोलणारे लोक बरणीत साचलेलं द्रव दाखवून म्हणतात, बघा, हे सगळं इंजिनात जात होतं. जात होतं, पण त्यातलं बरंचसं पाणी होतं, जे जाऊन काही बिघडत नव्हतं. टर्बो नसलेल्या, जुन्या पद्धतीच्या इंजेक्शनच्या, रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला हा डबा म्हणजे विकतचं दुखणं आहे असं माझं मत झालंय. तिचा पीसीव्ही व्हॉल्व्ह वेळेवर बदलला तरी पुष्कळ. व्हॉल्व्हवर आधीच बसलेला कोळसा डब्याने निघत नाही. आणि डबा एकदा लावला की तो रिकामा करण्याची जबाबदारी आपली. भरलेला डबा एखाद्या जोरदार वळणावर सगळा ऐवज एका घोटात इंजिनाला पाजतो, आणि ते रोजच्या चिमूटभर वाफेपेक्षा कितीतरी वाईट. माझ्या गाडीला, टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन दोन्ही असल्यामुळे, तो शोभतो. सहा महिन्यांनी तोच इंटरकूलरचा पाइप पुन्हा सोडवून बोट फिरवलं. ओशट होता, पण बोट माखलं नाही.

थंडीत छोट्या फेऱ्या झाल्या की बरणी लवकर भरते आणि जवळजवळ सगळं पाणी असतं, कारण इंजिन पुरतं तापतच नाही. लांबच्या प्रवासानंतर कमी आणि काळं. मी प्रत्येक वेळी मिलिलिटर आणि किलोमीटर लिहून ठेवते. मेस्त्रींनी ती वही पाहिली आणि पहिल्यांदाच गंभीर झाले. म्हणाले, "ताई, हे बंद करू नका. आकडा एकदम वाढला ना, तर कॉम्प्रेशन तपासायच्या आधी मला फोन करा."

गेल्या रविवारी पस्तीस निघालं. कॉक बंद केला, बरणी इतर वापरलेल्या तेलाच्या कॅनमध्ये रिकामी केली, हात धुतले, आणि मग डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा आत सारली.